‘जैसे थे’ म्हणजे कधीचे?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या वाळवा तालुक्यात एक लॅटिन शब्द लहानथोरांच्या तोंडी येतो. तो शब्द म्हणजे ‘बोनस’. साखर कारखान्यातला कामगार, त्याची कारभारीण, उधारीवर कापड देणारा दुकानदार आणि फटाक्यांसाठी हट्ट धरून बसलेले पोर, या सर्वांना त्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो. कोश उघडून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. मुळात या शब्दाचा अर्थ ‘चांगला’ एवढाच, आणि तोही पुल्लिंगी. ‘चांगली वस्तू’ असे म्हणावयाचे तर लॅटिन व्याकरणाप्रमाणे ‘बोनुम’ म्हणावयास हवे होते. पण अठराव्या शतकातील लंडनच्या शेअरबाजारातल्या दलालांना लॅटिन व्याकरणाचे काय होय! त्यांनी चुकीचे लॅटिन चालविले, ते इंग्रजीत रुजले आणि फिरत फिरत इस्लामपूरच्या बाजारात येऊन पोहोचले. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत ‘कोरम’ झाला नाही म्हणून सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरते, तो ‘कोरम’ही लॅटिनच, त्याचा अर्थ ‘ज्यांपैकी’. ‘ऑडिट’ म्हणजे मुळात ‘ऐकणे’, ‘अ‍ॅफिडेव्हिट’ म्हणजे ‘त्याने शपथ घेतली आहे’. हिशेबनीस काही ऐकत नाही आणि प्रतिज्ञापत्र करणारा प्रत्येक वेळी शपथ मनापासून घेतोच असे नाही, पण शब्द आपले चालले आहेत.

हे सगळे शब्द सरळ लॅटिनचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी झाले. आज मला लिहावयाचे आहे ते अशा एका लॅटिन शब्दप्रयोगाविषयी, जो इंग्रजीतून आपल्याकडे आला खरा, पण येताना अंगावरचा पोशाख पार बदलून आला. इंग्रज त्याला ‘स्टेटस क्वो’ म्हणतो. आपण म्हणतो ‘जैसे थे’.

या शब्दाने माझी झोप उडविली ती इस्लामपुरात. (२०२५ साली शासनाने गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचे ठरविले, पण माझ्या पिढीच्या जिभेवर जुनेच नाव बसले आहे, तेव्हा वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.) वाळवा हे तालुक्याचे नाव, आणि त्याचे ठाणे मात्र इस्लामपूर. कचेरी, कोर्ट, मोजणी, सारे काही तेथेच. त्यामुळे तालुक्यातले यच्चयावत तंटे आठवड्याच्या बाजाराप्रमाणे तेथे येऊन पडतात. तेथल्या एका चहाच्या दुकानात मी एसटीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक वयस्क गृहस्थ येऊन बसले. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, पायात जुने पण चकचकीत बूट. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत असे गृहस्थ गावोगाव भेटतात. हातात एक घडी घातलेला कागद होता. माझ्या खांद्यावरची पिशवी आणि चष्मा पाहून त्यांनी मला गुरुजी ठरविले, आणि ते काही फारसे चुकले नव्हते.

“गुरुजी, तुमी शिकल्यालं दिसताय. ‘जैसे थे’ म्हंजी काय ओ?”

मी म्हणालो, “तात्या, सोपं आहे. जसं आहे तसं ठेवायचं. कुणी हात लावायचा नाही.”

“आवो, पर ‘हाय’ कुटनं आलं त्येच्यात? ‘थे’ म्हंजी होतं. मी पलटनीत सोळा वरसं काडली. उस्तादानं ‘जैसे थे’ म्हनलं की चुकल्यालं पाऊल माघारी घ्याचं, हुतो तितं उबं ऱ्हायाचं. शेजाऱ्यानं माजा बांध कोरला, चार तासं आत आला. कोरटानं ‘जैसे थे’ केलं. मला वाटलं, आता ह्यो माघारी जाणार. मी घरात पेढं वाटलं. आन वकीलसायेब म्हनत्यात, त्यो हाय तितंच ऱ्हानार, तुमीच तिकडं जायाचं न्हाई!”

तास म्हणजे नांगराची रेघ; चार तासांची जमीन म्हणजे हातभर रुंदीची पट्टी. शहरातल्या वाचकाला ती फार वाटणार नाही. पण ऊस लावलेल्या रानात बांधाच्या लांबीने ती मोजून पाहावी, म्हणजे दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या दारी का जात नाहीत ते कळते. हुकूम कोणत्या कोर्टाचा, ते येथे सांगण्याचे कारण नाही. हुकमात काही चूक होती असेही मी म्हणत नाही. मला वाईट वाटले ते निराळ्या कारणाने. तात्यांचा मराठीचा आणि हिंदीचा अर्थ शंभर टक्के बरोबर होता, आणि माझा अर्थ, जो वकिलाचाही होता, तो त्या दोन शब्दांत कोठेच नव्हता.

घरी आल्यावर मी मूळ लॅटिनकडे वळलो. ‘स्टेटस क्वो’ हे पूर्ण वाक्य नव्हे, पूर्ण शब्दसमूहही नव्हे. तो एका लांब शब्दसमूहाचा तुटलेला तुकडा आहे. तहनाम्यांच्या भाषेतील तो शब्दसमूह साधारण असा: ‘इन स्टाटू क्वो रेस एरांत आंते बेल्लुम’. म्हणजे ‘युद्धापूर्वी गोष्टी ज्या स्थितीत होत्या, त्या स्थितीत’. ‘स्टाटू’ म्हणजे स्थितीत. ‘क्वो’ म्हणजे ज्यात. ‘एरांत’ म्हणजे होत्या. ‘आंते बेल्लुम’ म्हणजे युद्धापूर्वी. आता यातले ‘इन’ गेले, ‘रेस’ गेले, ‘एरांत’ गेले, आणि सर्वांत महत्त्वाचे ‘आंते बेल्लुम’ गेले. उरले काय? ‘स्थिती, ज्यात’. ज्यात काय? ज्यात कोण? ज्यात केव्हा? एखाद्या म्हाताऱ्या माणसाने वाक्य सुरू करावे, मध्येच डुलकी घ्यावी आणि ऐकणाऱ्याने आपल्या सोयीने ते पुरे करावे, असा हा प्रकार झाला.

आणि पुरे केलेही गेले. मूळ शब्दसमूहात क्रियापद भूतकाळी होते. तुटल्यावर इंग्रजीत त्याचा अर्थ वर्तमानकाळी झाला: ‘सध्या आहे ती स्थिती’. मग ज्यांना खरोखर पूर्वीची स्थिती म्हणावयाची होती त्यांनी ‘आंते’ हे शेपूट पुन्हा जोडून ‘स्टेटस क्वो आंते’ असे म्हणावयास सुरुवात केली. म्हणजे जी वस्तू मुळात होती, ती तोडून, हरवून, पुन्हा विकत घेतली. असा व्यवहार भाषेत नेहमी होतो. पण येथून पुढे दोन अर्थ झाले, हे ध्यानात ठेवावे. एक, आहे ते तसेच राखणे. दुसरा, होते तेथे परत जाणे. पहिल्यात ज्याच्या हाती माल आहे त्याचे कल्याण. दुसऱ्यात ज्याचा माल गेला त्याचे.

व्युत्पत्तीची एक मौज सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. लॅटिन ‘स्टाटुस’ आणि संस्कृत ‘स्थिति’ या एकाच धातूच्या लेकी. उभे राहणे, थांबणे हा त्या धातूचा अर्थ. इंग्रजी ‘स्टँड’ही त्याच घरातला. आपले ठाणे, ठाव, ठेवणे हे शब्दही ‘स्था’ पासूनच निघाले. ‘क्वो’चे नाते संस्कृत ‘कः’शी, म्हणजे आपल्या ‘कोण’शी आहे. आणि ‘जैसे थे’तला ‘थे’? हिंदी ‘था’ हा संस्कृत ‘स्थित’पासून आला असे व्युत्पत्तिकार बहुधा मानतात. तसे असेल तर ज्या अनामिक माणसाने ‘स्टेटस क्वो’ला ‘जैसे थे’ म्हटले, त्याने नकळत लॅटिन ‘स्टाटुस’च्या जागी त्याचाच हिंदुस्थानी चुलतभाऊ आणून बसविला! एवढे नेमके भाषांतर तर पंडितांच्या समितीलाही साधले नसते.

मात्र ‘थे’ मराठी नव्हे, हे मान्य केले पाहिजे. आपण ‘होते’ म्हणतो. गंमत अशी की ‘जैसे’ हा शब्द संतांच्या ओव्यांतून, अभंगांतून आपल्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे ‘जैसे थे’ ऐकताना ते जुने, भारदस्त मराठी वाटते. पुढचा शब्द ओळखीचा वाटला म्हणून मागचाही आपण घरात घेतला. मग हा ‘थे’ आला कोठून? माझा तर्क तात्यांच्या बाजूने आहे. कवायतीत ‘अ‍ॅज यू वेअर’ असा एक इंग्रजी हुकूम असतो. हुकूम चुकला, किंवा शिपायांनी तो नीट पाळला नाही, की तो रद्द करून सर्वांना आधीच्या स्थितीत आणावयाचे, त्याचा हा हुकूम. आपल्या सैन्यात, पोलिसांत आणि एनसीसीच्या कवायतीत त्याला ‘जैसे थे’ असेच म्हणतात. ज्या मुलुखात घराघरातून एक माणूस पलटणीत जातो, तेथे हा हुकूम परेडच्या मैदानावरून चावडीवर आणि चावडीवरून कोर्टात जावयास कितीसा वेळ लागणार? पण तेथे गेल्यावर त्याचा अर्थ उलटला. मैदानावर ‘जैसे थे’ म्हणजे माघारी फीर. कोर्टात ‘जैसे थे’ म्हणजे हलू नकोस. तात्या मैदानावरचा अर्थ घेऊन कोर्टात गेले होते.

आता वाचक म्हणेल, शब्दाचा एवढा कीस कशाला? तर त्यासाठी इतिहासातला एक मोठा बांध दाखवितो. तह म्हणजे तरी काय, दोन राज्यांमधला बांधाचा तंटाच. १७७४ च्या डिसेंबरअखेरीस मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बेट गिळले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. लढाई पुन्हा पेटली. १७७९ साली वडगावला इंग्रजांची फजिती झाली. १७८० च्या डिसेंबरात गॉडर्डने वसई घेतली. अखेर महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह ठरला. जिंकलेला मुलूख परत करावयाचा, हे तत्त्व ठरले. फार छान. पण कधीपासून जिंकलेला? तर पुरंदरच्या तहापासून. या एका ‘पासून’ने वसई पेशव्यांना परत मिळाली आणि साष्टी कायमची गेली. तारीख सव्वा वर्ष मागे, १७७४ च्या नोव्हेंबरात नेऊन ठेविली असती, तर तेच तत्त्व, तेच शब्द, आणि साष्टी पुन्हा मराठ्यांची! पोर्तुगीजांना कोणी विचारले नाही हेही बरे झाले. त्यांचे ‘पूर्वी’ म्हणजे १७३७, मराठे साष्टीत उतरण्याच्या आधीचे. टिपू आणि कंपनी यांचा १७८४ चा मंगळूरचा तहही असाच, एकमेकांचे एकमेकांना परत करण्याचा. दोन्ही ठिकाणी शब्दापेक्षा तारीख थोर.

हैदराबादच्या बाबतीत मराठी माणसाने हा शब्द स्वतःच वापरला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा करार झाला. इंग्रजीत त्याचे नाव ‘स्टँडस्टिल’, म्हणजे ‘उभे आहा तेथे स्तब्ध’. त्यात लॅटिन नावालाही नाही. मराठीत मात्र तो ‘जैसे थे करार’ झाला, आणि आमच्या शाळकरी पुस्तकांत तसाच राहिला. येथे शब्द नीट बसला होता, कारण करारात तारीख होती: १५ ऑगस्ट १९४७ च्या लगेच आधी ब्रिटिश सरकार आणि निजाम यांच्यात जे संबंध व ज्या व्यवस्था होत्या, त्या पुढे चालू ठेवावयाच्या. ‘थे’ केव्हाचे, हे लिहिलेले होते. करार टिकला नाही, वर्षही भरले नाही; १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत गेल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पण तो दोष शब्दाचा नव्हे.

जमिनीच्या ताब्याचा प्रश्न तर रोमन लोकांनीच अगोदर हाताळून ठेवला आहे. त्यांच्याकडे प्रीटर नावाचा न्यायाधिकारी असे. दोघांत जमिनीचा वाद आला की मालक कोण याचा निवाडा होईपर्यंत, ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याच ताब्यात ती राहावी, असा मनाईहुकूम तो देई. त्या हुकमाचे नाव ‘उती पोस्सिदेतिस’, म्हणजे ‘जसे तुमच्या ताब्यात आहे तसे’. म्हणजे कोर्टातला ‘जैसे थे’ हाच की! पण प्रीटर कसलेला माणूस होता. त्याने त्यात तीन अपवाद घातले. प्रतिपक्षाकडून तो ताबा बळजबरीने घेतलेला नसावा, चोरून घेतलेला नसावा, आणि विनंती करून त्याच्या मर्जीवर घेतलेला नसावा. रात्रीत बांध कोरणारा पहिल्या दोन्हींत सापडला असता. ‘दादा, यंदापुरतं जरा ह्या कडेनं गाडी नेतो’ म्हणून वाट पाडणारा तिसऱ्यात. तात्यांचा शेजारी प्रीटरपुढे उभा राहता, तर चार तासांसह माघारी गेला असता. पुढे तहांच्या भाषेत हाच शब्दप्रयोग, लढाई संपताना ज्याच्या हाती जे असेल ते त्याचे, अशा उघड अर्थाने वापरला जाऊ लागला. अपवाद गळून पडले.

आपल्या कायद्याने हे अपवाद अगदीच सोडले आहेत असे नाही, आणि तात्यांना हे मी नंतर सांगितलेही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाप्रमाणे, कायद्याचा मार्ग सोडून कोणाला जमिनीवरून हुसकावले असेल, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून त्याला ताबा परत मागता येतो. मालकी सिद्ध करण्याची गरज नसते. आपल्या जुन्या मुंबई इलाख्याचा १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा तर शेतकऱ्यासाठीच केलेला. शेताची वाट अडविली, पाण्याचा प्रवाह वळविला किंवा बेकायदा ताबा घेतला, तर त्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदारापुढे जाता येते. मुदत येथेही सहाच महिने. या दोन्ही कायद्यांचा आत्मा ‘होते तसे’ हा आहे, ‘आहे तसे’ हा नव्हे. मात्र सहा महिने उलटले की होते त्याचे आहे होते. शेतकरी हे सहा महिने बहुधा भावकीची बैठक बसवण्यात घालवतो.

वरच्या न्यायालयांनाही या शब्दाची अडचण जाणवली आहे. ‘स्टेटस क्वो’ हा संदिग्ध शब्द असून त्याने घोटाळे होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने एका कोळसा कंपनीच्या खटल्यात ऐंशीच्या दशकातच म्हटले. १९९० च्या एका निकालात, एका कुटुंबाच्या राहत्या घराच्या वादात, अंतरिम हुकमाने जी स्थिती राखावयाची किंवा परत आणावयाची ती तंट्यापूर्वीची शेवटची निर्विवाद स्थिती, असा विचार मांडला. माझ्या मते यापेक्षा चांगली व्याख्या होणे कठीण. २००६ साली त्याच न्यायालयाने, स्थिती काय होती ते न सांगता नुसते ‘स्टेटस क्वो राखा’ असे सांगणाऱ्या हुकमाबद्दल नापसंती दाखविली. म्हणजे तात्यांनी चहाच्या दुकानात जो प्रश्न केला, तोच दिल्लीतही होऊन गेला होता.

आता मराठीकडे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय निघाले, परिभाषेचे कोश तयार होऊ लागले. १९९८ साली मराठी ही जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा ठरली. तेव्हा हा प्रश्न केवळ शब्दशौकिनांचा राहिलेला नाही. हुकमातला मराठी शब्द उद्या बांधावर उभा राहणार आहे. ‘स्टेटस क्वो’साठी ‘यथास्थिती’ आणि ‘आंते’सह ‘पूर्वस्थिती’ अशी जोडी विद्वान सुचवितात. शब्द शुद्ध आहेत, अर्थही वेगळे ठेवतात. पण ‘यथास्थिती’ म्हणजे ‘जशी स्थिती’. कशी ते पुन्हा बाहेरच. शिवाय ‘यथास्थित’ या शब्दाला मराठीत आधीच एक निराळी खुर्ची मिळाली आहे. जेवण यथास्थित झाले, लग्न यथास्थित पार पडले, असे आपण म्हणतो. बांध कोरून शेजाऱ्याची यथास्थित सोय झाली, असा अर्थ कोणी घेतला तर त्याला हसू नये.

शुद्धतेचा मी वैरी नाही. रघुनाथपंतांनी शिवछत्रपतींसाठी राज्यव्यवहारकोश केला, तेव्हापासून ही परंपरा आपली आहे, आणि महापौर, दिनांक असे सावरकरांनी दिलेले शब्द आज कोणाला परके वाटत नाहीत. परंतु घडविलेला शब्द लोकांच्या तोंडी गेला की लोक त्याचे काय करतात, हे पाहावयास वाळव्याइतकी चांगली जागा नाही. १९४२ च्या सप्टेंबरात इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. पुढे याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली साताऱ्याचे ‘प्रतिसरकार’ उभे राहिले. ‘प्रति’ हा उपसर्ग संस्कृतातला, भारदस्त, अर्थपूर्ण. लोकांनी त्याचे ‘पत्री सरकार’ करून टाकले! बैलांच्या पायांना पत्री ठोकतात, तशी हे सरकार गुंडांच्या तळपायांना ठोकते, अशी समजूत त्या शब्दाभोवती जमली. व्युत्पत्ती चुकीची, पण दरारा असा की सावकाराला ‘प्रति’ने जे कळले नसते ते ‘पत्री’ने कळले. त्या सरकारच्या न्यायदान मंडळांपुढे गहाण पडलेल्या जमिनींचे तंटे येत, तेव्हा मागणी असे ती ‘होते तसे’ची. त्या दिवसांत कोणी तेथे ‘आहे तसे ठेवा’ म्हटले असते तर त्याची धडगत नव्हती.

वर्तमानपत्रांनी तर ‘जैसे थे’चा तिसराच अर्थ केला आहे. ‘रस्त्यावरील खड्डे जैसे थे’, ‘सीमाप्रश्न जैसे थे’, असे मथळे आपण नित्य वाचतो. येथे तो हुकूमही नव्हे आणि परत जाणेही नव्हे. ती एक कण्हण्याची रीत आहे. त्यातूनच ‘जैसेथेवादी’ हे विशेषण निघाले आणि समीक्षकांनी ते सोयीचे म्हणून उचलले. ज्याला काहीच बदलू द्यावयाचे नाही तो जैसेथेवादी. हे वापरणाऱ्यांना माझी एक नम्र तक्रार आहे. ज्याचे हिरावून घेतले गेले तो मनुष्य जेव्हा ‘पूर्वीसारखे करा’ म्हणतो, तेव्हा तोही व्याकरणाने ‘थे’च मागत असतो. त्याला आणि घेऊन बसलेल्याला एकाच शब्दात बांधणे हा अन्याय आहे. पण या विशेषणाचा प्रसार आता एवढा झाला आहे की माझी तक्रारही जैसे थे राहील.

मग करावे काय? मला वाटते, उत्तर तात्यांनीच देऊन ठेवले होते. ‘हाय तसं’ आणि ‘हुतं तसं’. आहे तसे, होते तसे. दोन्ही निखळ मराठी, दोन्ही बाईमाणसांना, पोरांना, पाटील-तलाठ्यांना कळणारे. काळ क्रियापदातच असल्यामुळे गफलतीला जागा नाही. लॅटिनला जे शेपूट तोडून पुन्हा जोडावे लागले, ते मराठीत एका क्रियापदाने होते. कोशकारांनी हे दोन शब्दप्रयोग दुर्लक्षिले ते बहुधा फार साधे म्हणून. परिभाषेला थोडा जडपणा हवा, अशी आपली एक जुनी समजूत आहे. सोपा शब्द आला की हुकमाचा दाब कमी होतो असे वाटते. मला तर उलटे वाटते. ‘दोन्ही पक्षांनी जमीन आज रोजी आहे तशी ठेवावी’, किंवा ‘अमुक तारखेस होती तशी करून द्यावी’, या वाक्यांत दाब कोठे कमी आहे? ‘जैसे थे’ सरसकट हद्दपार करा असेही मी म्हणणार नाही. कवायतीत तो शोभतो, कारण तेथे सारे उभे असतात आणि क्षणापूर्वी कोण कोठे होते ते सर्वांना दिसत असते. बांधावर तसे दिसत नाही.

तात्यांची गाठ पुढे आणखी एकदा पडली. त्यांनी वकिलाला सांगून नवा अर्ज केला होता, आणि आता तो कागद मला वाचावयास दिला. त्यात ‘जैसे थे’ हा शब्द नव्हता. गट नंबर होता, आधीच्या मोजणीची तारीख होती, हद्दीच्या दगडांचा उल्लेख होता, आणि त्या तारखेस बांध जेथे होता तेथे तो पुन्हा घालून मिळावा, अशी मागणी होती. मी विचारले, “तात्या, हे तुम्ही सांगितलंत?”

“तारीक मी सांगितली. बाकी वकीलसायेबांनी लिवलं.” मग कागदाची घडी घालीत म्हणाले, “मोजनी पुन्यांदा हाय. पैसं भरल्यात. दिवाळीनंतर येतो म्हनत्यात.”

इतक्यात त्यांची एसटी लागली, आणि ते उठले.